झाकलेली पिवळी पट्टी

रात्रभर पडलेल्या बर्फाचा सकाळी सहालाच चिखल झाला होता. त्सोंकाने विद्यापीठाच्या पायऱ्यांवर मीठ फेकलं, फावड्याने कडेचा बर्फ रेटला आणि तळघरातून जुन्या खोक्यांचे पुठ्ठे वर आणले. प्लोवदिव शहराचा हिवाळा म्हणजे पुठ्ठे. ते अंथरले की पोरांच्या बुटांचा राडा तेवढा पुठ्ठ्यावर राहतो.

आज तिने ते पिवळ्या पट्टीवर अंथरले. दारापासून लिफ्टपर्यंत गेलेली ती उंचवट्यांची रबरी पट्टी सप्टेंबरात बसवली होती. खाचांत चिखल बसला की घासघासूनही निघत नसे. आणि आज विद्यापीठाच्या तपासणीला राजधानीतून, सोफियाहून माणसं यायची होती. मुलीने घेऊन दिलेला कोच त्सोंकाच्या घरी सात वर्षं चादरीखालीच होता. नवी वस्तू झाकायची नाही तर काय करायची? पट्टी कशासाठी आहे ते तिला कुणी सांगितलं नव्हतं, तिनेही विचारलं नव्हतं. सतरा वर्षं तंबाखूची पानं निवडली, गोदाम बंद पडल्यावर बावीस वर्षं ह्या फरश्या पुसल्या. दोन्हीकडे विचारणाऱ्याला कामचुकार म्हणत.

साडेनवाला ती गरम पाण्यासाठी बॉयलरच्या बोळाकडे गेली. दार ढकललं तर आत भिंतीला पाठ लावून बिल्याना उभी. जन्मापासून आंधळी, इतिहासाच्या दुसऱ्या वर्षाला.

"कोण? त्सोंका मावशी?"

"अगं बाई! तू इथं काय करतेस? उंदरांना शिकवतेस?"

पोरगी हसली नाही. "पट्टी गेली, मावशी. दारातून दोन पावलं आले आणि काठीला उंचवटे लागेनात, नुसतं मऊ. वळले तर इथं. मागे दार लागलं, आतून मूठ नाही, फोनही लागेना. नऊला करानोव सरांची तोंडी परीक्षा होती. तिसरी वेळ. आज हुकली तर नाव कापतात."

त्सोंकाच्या हातातली बादली खाली टेकली. पुठ्ठे तिच्या डोळ्यांपुढे आले, एकाला एक लावून, कडा जुळवून, कसे नीट अंथरलेले.

"चल," ती म्हणाली. बिल्यानाचा हात तिने आपल्या कोपराला लावला.

तिसऱ्या मजल्यावर करानोव सर यादी आवरत होते. कार्यालयातली रुम्याना बाई शेजारी शिक्का धरून बसली होती.

"गैरहजर लिहून झालं," सर म्हणाले. "बर्फ सगळ्यांनाच होता."

"बर्फ सगळ्यांना होता सर. पुठ्ठे हिला एकटीलाच होते."

"म्हणजे?"

"हिची वाट मी झाकली. मळू नये म्हणून."

रुम्याना पुढे झुकली, दबक्या आवाजात म्हणाली, "त्सोंका, गप बस गं. खाली माणसं आलीत तपासणीला. पेन्शनला एक वर्ष राहिलंय तुझं. उंबऱ्यापाशी येऊन पाय घसरायचाय का?"

"घसरू दे. कागद द्या."

टेबलाशी वाकून तिने लिहिलं. अक्षर मोठं, पोरासोरासारखं: आंधळ्या मुलीची वाट मी झाकली, म्हणून तिला उशीर झाला, चूक माझी. खाली पूर्ण नाव. सरांनी ते दोनदा वाचलं. मग यादीतल्या शब्दावर रेघ ओढली आणि समोरच्या खुर्चीचा पाय बुटाने सरकवला, बिल्यानाला ऐकू जाईल असा.

"बसा."

त्सोंका बाहेर थांबली. चाळीस मिनिटं. मजले पुसायचे तसेच पडले होते, तरी थांबली.

बिल्याना आली. "चार."

"सहातले? म्हणजे पास ना?"

"पास." काठी दोन्ही हातांत धरून ती उभी राहिली. "मावशी, बॉयलरच्या घरघरीत मी अर्धा तास हाका मारत होते. आधी वाटलं, मीच चुकले. पावलं मोजून ठेवलेली असतात माझी, तरी वाटलं मीच चुकले."

माफ कर म्हणावं तर ते फार सोपं झालं असतं.

"पुन्हा नाही झाकणार," एवढंच म्हणाली.

"तुम्ही नाही झाकणार. तुमच्या सुट्टीच्या दिवशी?"

त्सोंकाने तिला खाली दाराजवळ बाकावर बसवलं, गुडघे टेकून एकेक पुठ्ठा उचलला आणि बाहेर नेऊन टाकला. तपासणीची माणसं कॉफी पीत जिन्यावर उभी होती, त्यांच्यातलं कुणीतरी कार्यालयातून खाली आलेला तिचा कागद वाचत होतं. ती त्यांच्या बाजूने वर गेली. दुसऱ्या मजल्यावरच्या कचऱ्याच्या टोपल्या भरून वाहत होत्या. तिने पहिली उचलून पिशवीत उलटी केली.