त्सेरेनच्या लॅबवरचा शेरा

आमचे हे, यशपाल, म्हणजे नियमाचं दुसरं नाव. जर्मनीत, लुडविग्सहाफेनच्या एका लॅबमध्ये बावीस वर्षं खनिजं तपासतात. रविवारी खळखळाट नको म्हणून रिकाम्या बाटल्या रस्त्यावरच्या कंटेनरमध्ये टाकायच्या नाहीत म्हणजे नाहीत, मग स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नसली तरी चालेल. मी म्हणते, जर्मनांनीच यांच्याकडे शिकवणी लावावी.

पण गेली तीन वर्षं एका शेऱ्याने यांना पोखरलंय.

त्सेरेन मंगोलियाचा. शिकत असताना दोघे एका खोलीत राहायचे. त्याच्या देशात तांबं, कोळसा, सोनं, सगळं जमिनीखाली; समुद्र मात्र नाही. समाजवाद होता तेव्हा माल रशियाकडे जायचा, आता चीनकडे जातो. वाट कायम दुसऱ्याच्या अंगणातून. मालात तांबं किती, हेही परदेशी लॅब सांगणार आणि त्यावर भाव ठरणार. "आमच्या मातीत काय आहे ते आम्ही सांगू," म्हणून त्सेरेनने उलानबातरला लॅब उभारली. आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली की त्याचा आकडा जगात चालला असता.

मान्यता देणाऱ्या संस्थेकडून तपासणीला नेमके हेच गेले. ओळख आहे असं यांनी आधीच लेखी कळवलं होतं, पण दुसरं कोणी रिकामं नव्हतं.

लॅबचं काम चोख होतं. फक्त नमुने वाळवायच्या ओव्हनच्या तापमानाच्या नोंदीत वीज गेलेल्या दिवसांचेही आकडे भरलेले. सौम्य शेरा देऊन तीन महिन्यांची मुदत देता आली असती. यांनी कडक शेरा मारला. मान्यता अडली, पैसा लावणारे निघून गेले, लॅबला कुलूप लागलं. आता मंगोलियातले नमुने सीलबंद पाकिटांतून यांच्याच टेबलावर येतात.

हे म्हणजे कॉलेजात पहिला आला तरी 'कोट्यातला' हेच ऐकलेला माणूस. आपल्या माणसाला झुकतं माप दिलं असं कोणी म्हणू नये, म्हणून आपल्याच माणसावर आसूड ओढायचा. हा रोग मला ठाऊक आहे, कारण मलाही तो आहे.

परवा बुद्धपौर्णिमेला मी खीर केली. वाटी पुढे केली, तर हे हातच लावेनात. वाटीकडे बघत बोलले.

"त्सेरेनच्या आईने चहा दिला होता. दोन्ही हातांनी. मी म्हटलं, तपासायला आलेल्या माणसाने काही घ्यायचं नसतं."

माझं डोकंच फिरलं. "अहो, तुमच्या आजोबांच्या ओंजळीत लोक वरून पाणी ओतायचे ना? आणि तुम्ही त्या म्हातारीचा चहा परत पाठवलात? शेरा बरोबर असेल तुमचा. पण घोटभर चहा प्यायला काय झालं होतं?"

यांनी मान वर केली नाही.

"प्यायलो असतो, क्षमा, तर तो शेरा मला लिहवला नसता."