मिशीखालचा ओठ

घरी आल्या आल्या एलिसेओनं घेवड्याचा पहिला घास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"कडू झालाय."

ओब्दुलियानं त्याच्या ताटलीतला चमचाभर घेवडा खाऊन पाहिला. "घेवड्याला काही झालेलं नाही. तुझ्या तोंडाचं सांग."

तेव्हा कुठं नवऱ्याचं तोंड उघडलं. तळ्याकाठच्या नव्या कारखान्यात जमिनीच्या पोटातलं उकळतं खारं पाणी वर ओढतात, त्यातलं लिथियम काढून घेतात आणि पाणी परत खाली सोडतात. पाण्याबरोबर वर येणारा वायू वाईट, म्हणून नोकरी पक्की व्हायच्या आधी प्रत्येकाच्या तोंडावर रबरी मुखवटा चपखल बसतो का ते बघतात. मुखवट्यावरून पिशवीसारखं टोपडं चढवून आत कडू फवारा मारतात. जिभेला कडू लागलं की मुखवट्याला फट आहे. एलिसेओला पहिल्याच फवाऱ्यात लागलं होतं.

"फट कुठं आहे म्हणाले?"

त्यानं नुसता मिशीवरून हात फिरवला.

ही मिशी ओठावरून निघून दोन्ही गालांच्या कडेनं हनुवटीखाली उतरत असे. लग्नाच्या आधीपासूनची. कोबीसारख्या दिसणाऱ्या त्या लेट्यूसच्या शेतांत, इथून पार उत्तरेला सलिनासपर्यंत, एलिसेओचं आडनाव एकाही मुकादमाला ठाऊक नव्हतं. मिशीवाला म्हटलं की सगळे ओळखत. हिवाळ्यात पीक इकडं, उन्हाळ्यात तिकडं. त्यामुळे वसंतात मजुरांची बस त्याला घेऊन जाई आणि उन्हाळा सरल्यावर आणून सोडी. दोन्ही मुली तो तिकडं असतानाच जन्मल्या. आता त्या आपापल्या संसारात होत्या.

ओब्दुलियाच्या वाट्याला दर वर्षी उन्हाळा यायचा. तळं आधी गल्लीच्या टोकाशी होतं. शेतांतलं खत-औषधाचं पाणी पिऊन पिऊन ते नासलं, मासे मेले, आणि मग ते मागं मागं सरकत गेलं. उघडा पडलेला पांढरा तळ वारा सुटला की थेट स्वयंपाकघरात येई. खिडक्यांच्या फटींत ओल्या चिंध्या कोंबायच्या, खोकायचं, आणि सासूबाईंचं बोलणं ऐकायचं. उन्हाळ्यात या तिन्ही गोष्टी एकदमच चालत.

मुखवट्याची दुसरी चाचणी सोमवारी होती. सलिनासची बसही सोमवारीच निघणार होती.

"तिला वस्तरा लावायचा नाही," सासूबाई, दोन्या तोमासा, कोपऱ्यातल्या खुर्चीतून म्हणाल्या. "माझ्या नवऱ्याची मिशी आहे ती. बापाची आठवण म्हणून पोरानं राखलीय."

"मग कापून तुम्हालाच देते. डबीत ठेवा."

"ऐकलंस एलिसेओ? ही आत्ताच वस्तऱ्याला धार लावायला निघाली."

एलिसेओ ताटलीतला घेवडा चिवडत राहिला. राहा असं ओब्दुलियानं त्याला आजवर कधी म्हटलं नव्हतं. बस यायची, ती डबा हातात द्यायची. आता म्हणावं आणि त्यानं मिशीवर हात ठेवून दुसरीकडं बघावं, मग पुढचे सगळे उन्हाळे ते मनात घेऊन काढायचे. त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं. तिनं शनिवारी त्याची बॅगसुद्धा भरली.

रविवारी दुपारी वारा सुटला. ती खिडकीत चिंधी कोंबत होती, तोच मागं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. एलिसेओ गळ्याभोवती टॉवेल गुंडाळून बसला होता.

"कात्री आण. आणि लवकर आटप, माझा विचार बदलायच्या आत."

"मागून मला बोल लावशील."

"लावीन की. पण इथं बसून लावीन."

तिनं डावी बाजू उतरवली. उजवीला आली तेव्हा तिनं कात्री खाली घेतली.

"आता अर्ध्यावर सोडू नकोस बाई, कारखान्यात अर्धाच पगार देतील."

वस्तरा फिरला, साबण पुसला. ओब्दुलियानं समोर येऊन पाहिलं आणि ती हसत सुटली. भिंतीला टेकली, तिथंच खाली बसली, तरी हसू आवरेना. मिशीखाली दोन्या तोमासांचं तोंड होतं. तोच पातळ, घट्ट मिटलेला वरचा ओठ, आता तक्रार बाहेर पडेल असा. इतकी वर्षं ती ज्या ओठाशी भांडत आली, त्याच ओठाला अंधारात मुके देत होती.

"काय झालं? इतका वाईट दिसतो?" त्या ओठानं विचारलं.

दोन्या तोमासा काठी टेकत आल्या. लेकाकडं पाहत राहिल्या, मग स्वतःचा ओठ बोटानं चाचपला. "अरे देवा," त्या हळूच म्हणाल्या, "एवढं देखणं तोंड, आणि इतकी वर्षं झाकून ठेवलंस."

सोमवारी ओब्दुलिया दारातच उभी होती. सलिनासची बस गल्लीच्या तोंडाशी भोंगा वाजवून थांबली आणि पुढं गेली. दुपारी एलिसेओ आला. कारखान्याचं ओळखपत्र त्याच्या गळ्यात होतं.

"काहीच लागलं नाही," तो म्हणाला. "दोनदा फवारा मारला, मोठ्यानं बोलायला लावलं, मान हलवायला लावली. तोंडात कसलीच चव नाही. तळ्याचा वाससुद्धा नाही."

"मग मलाही एक मुखवटा आण."

तो जेवायला बसला. घेवड्याचा घास घेतला, सावकाश चावला आणि ओठ मिटून म्हणाला, "मीठ कमी आहे."

"मी तिला रोज तेच सांगते," कोपऱ्यातून दोन्या तोमासा म्हणाल्या.

ओब्दुलियानं दोघांच्या मधोमध मिठाची बाटली आदळली. मग तव्याकडं वळून, कुणाला दिसू नये असं हसत, त्याच्यासाठी आणखी एक तोर्तिया टाकली.