मुद्देमालाच्या खोलीतली नऊ पोती

ती चोरी मी विसरलेलो नाही. विसरू नये असंच वाटतं.

मी घरातला पहिला पदवीधर. लहान गावात शिकून कोलकात्यात फौजदार झालो, याचं मला फार अप्रूप होतं. काम नियमाने करायचं, एवढं पक्कं ठाऊक होतं.

गार्डन रीचच्या बाजूला एक कारखाना बंद पडला होता. तिथून पोती बाहेर जाताहेत, अशी खबर माल वाहणाऱ्या एका सायकलव्हॅनवाल्याने दिली. संशयित तिथलाच जुना कामगार निघाला. कोठडीत दोन दिवस तो नुसता खोकत होता. तिसऱ्या दिवशी बायकोला भेटू दिलं, तेव्हा बोलला.

"पोती घरामागे आहेत, बाबू. पण उघडू नका. बॉयलरच्या पाइपांवरचं अॅस्बेस्टॉस आहे. आमच्या खात्यातले तिघे त्याच्या धुळीनेच गेले."

"मग तू कशाला चोरलंस?"

"पोट आहे ना, बाबू."

माल मोजला जाऊ नये म्हणून हा भीती घालतोय, असं मी धरलं. मुद्देमाल सांभाळणारा हवालदार म्हणाला, "घ्या सर, आता चोर आपली तब्येत सांभाळणार!" मीही हसलो. पंचनाम्यासाठी नऊही पोती उघडून वजन केलं आणि तशीच फाटकी मुद्देमालाच्या खोलीत हवालदाराच्या टेबलामागे रचायला लावली.

खटला सात वर्षं चालला. निकालापर्यंत मुद्देमाल हलवता येत नाही. हवालदार रोज सकाळी पांढरी धूळ झाडायचा. "तुमच्या पोत्यांचे केस फार गळतात, सर," म्हणायचा.

आम्ही दोघंही निवृत्त झाल्यावर बऱ्याच वर्षांनी त्याच्या मुलीचा फोन आला. फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर. अॅस्बेस्टॉसशी कधी संबंध आला होता का, असं डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारत होते आणि तो सांगत होता, "नाही हो, मी पोलिसात होतो."

मी खाटेजवळ बसून त्याला पोत्यांची आठवण करून दिली.

"चोराने सांगितलं होतं, नाही का सर?"

"मला सांगितलं होतं," मी म्हणालो.

त्या पोत्यांमुळेच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. पण मला त्याचा आधार घेववत नाही. खोटं पकडायला नोकरीने शिकवलं. आरोपी खरं बोलत असेल, तर तेही तपासायचं असतं, हे मी शिकलो नाही. एखाद्या डॉक्टरला विचारलं असतं तरी पुरे होतं.

मुलीला भरपाईच्या अर्जासाठी लेखी जबाब हवा होता. मी दिला. पोती त्या खोलीत कोणाच्या हुकुमाने ठेवली, तिथे माझं नाव आणि हुद्दा लिहिला.