तागाची होडी
गच्चीवरची पाण्याची टाकी दुरुस्त करणाऱ्याने आज रेझिनचा डबा उघडला आणि त्या उग्र वासाने मला थेट ऐंशी सालाच्या आसपासच्या फुटाळा तलावावर नेलं. इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टसाठी मी आणि एका वर्गमित्राने काचतंतू आणि तागाचे थर रेझिनमध्ये बसवून होडी केली होती. ती किती वजन पेलते, ते बघायला आम्हीच बसलो. मला पोहता येत नव्हतं. ऐन मध्यावर पायाखाली कडकड सुरू झाली. "हलू नको वं! काच तडकून राहिली, पण तागानं धरून ठेवलं हाय," तो म्हणाला. मग तो आवाज एकदम थांबला, आणि त्याच्या हातातलं वल्हंही. "आता काहून थांबलं गा?" मी विचारलं. तो माझ्या पायांकडे बघत राहिला. तागही सुटला होता; चपलांत पाणी शिरत होतं. काठाला कसे लागलो, आठवत नाही. आज गच्चीत उभी होते, तरी आधी पायाचे तळवेच ओले नाहीत ना, ते चाचपून पाहिलं.