विहिरीच्या पाण्याची परीक्षा

आमच्या शेतातल्या विहिरीच्या पाण्याला वास यायला लागला, तेव्हा मी आईला त्याची एक बाटली भरून ठेवायला सांगितलं. ती बाटली मांडीवर घेऊन एसटीनं धाराशिवच्या प्रयोगशाळेत पोचवली. आठवड्यानं अहवाल आला: पाणी पिण्यायोग्य.

माझं डोकंच फिरलं. ह्या लोकांना नाकं आहेत की नाहीत, हे विचारायला मी तावातावानं चपला घालत होतो, तर आई म्हणाली, "त्यांच्यावर कशाला खेकसतो? सायबाकडं तसलं घाण पाणी पाठवायचं व्हय? म्या तुरटी फिरवली, दोनदा गाळलं, उकळून गार केलं."

दुसरी बाटली मी स्वतः विहिरीवर जाऊन भरली. पाणी दूषित निघालं.

आई अजून पाहुण्यांना सांगते, "माझ्या हातचं पास झालं हुतं. ह्याचंच नापास झालं."