डिलिव्हरीचं टेबल

नवरा गेल्यानंतर मी कामावर परतले, तेव्हा माझं टेबल जागेवर नव्हतं. मी मोटारींच्या शोरूममध्ये काम करते. नवी गाडी ताब्यात देण्याआधी गिऱ्हाइकाला समोर बसवून पुढच्या देखभालीचे पर्याय समजावून सांगायचे, हे माझं काम. ते टेबल आता मागच्या खोलीत, फोनशेजारी नेऊन ठेवलं होतं.

"थोडे दिवस फोनवरूनच करा, मॅडम," मॅनेजर म्हणाला. माझ्याहून लहान आहे, मनाने वाईट नाही. "लोक शुभ कामाला येतात. कोणी काही विचारलं तर तुम्हालाच अवघड होईल."

"मी तेल कधी बदलायचं ते सांगते," मी म्हटलं. "मंगलाष्टकं म्हणत नाही."

माझा आवाज कधी चढत नाही. मी खुर्ची उचलून बाहेर नेली. टेबल मागून आणवलं.

या हट्टाचं कारण मी कोणाला सांगितलं नव्हतं. नारायण पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत भिंतभर पुस्तकं आहेत. नवरा गेल्यापासून त्यांतलं एक पानही मला पुरं वाचता येत नव्हतं. ओळ सुरू व्हायची आणि मधेच कुठेतरी विरून जायची. या टेबलाशी मात्र माझी वाक्यं पुरी होतील, असा भरवसा होता. ब्रेकपॅड झिजतात, ते बदलावे लागतात. फिल्टरमध्ये धूळ साठते. एवढं बोलेपर्यंत तरी मी शाबूत राहीन. ते मी कोणाच्या शुभाशुभासाठी सोडणार नव्हते.

त्याच आठवड्यात मांजरी गावातलं एक कुटुंब आलं. मुलगा, सून आणि मुलाची आई. घरातली पहिलीच गाडी, मंडईत ये-जा करायला घेतलेली. आईच्या कपाळावर कुंकू नव्हतं, आणि गाडीत पुढे कोण बसणार यावरून तिचं सुनेशी मगाशीच वाजलं होतं. मी सुरुवात केली. पहिला पर्याय, प्रत्येक सर्व्हिसला लागेल तसे पैसे द्यायचे. दुसरा, तीन वर्षांचा करार.

"मालक काय करत्यात तुमचं?" आईने मधेच विचारलं.

काचेपलीकडे मॅनेजरने मान वर केली.

"वारले," मी म्हटलं. "याच उन्हाळ्यात."

सून पेढ्यांचा बॉक्स माझ्यापुढे उघडत होती, ती अर्ध्यावरच थांबली. मुलगा उठला. "आपण नंतर फोनवर बोलू की, ताई. गाडीचा मुहूर्त हाय."

"मुहूर्ताला अजून वेळ आहे. माझा एक पर्याय राहिलाय. बसा."

तो आईकडे बघू लागला.

"बस की रं," ती म्हणाली. "गाडी काय पळून जातीया व्हय?"

तो बसला. मी मुद्दाम पहिल्यापासून सुरुवात केली, एकही शब्द न गाळता. तिसरा पर्याय पाच वर्षांचा, त्यात झिजणारे भागही बदलून मिळतात. सगळी वाक्यं पुरी झाली.

"ह्यातलं तू कुठलं घेतलं असतंस?" आईने विचारलं.

"करार नसता घेतला. तुमची गाडी घर ते मंडई एवढीच फिरणार. लागेल तसे पैसे द्या."

"मग तसंच," ती मुलाला म्हणाली.

ते उठले तेव्हा सुनेच्या हातातला बॉक्स अजून अर्धवट उघडाच होता. "पेढा राहिला," मी म्हटलं आणि हात पुढे केला. ती गोंधळली, मग तिने दोन दिले. मी दोन्ही तिथेच, त्यांच्यासमोर खाल्ले.

गाडी गेल्यावर मॅनेजर टेबलाशी आला. "करार गेला, मॅडम."

"गेला."

"आणि तो माणूस उठला होता. मी सांगत होतो ते हेच."

"उठला होता. पुन्हा बसला, ते नाही पाहिलंत?"

एवढ्यात दारातून पुढचं कुटुंब आत आलं, आजोबांच्या हातात झेंडूचा हार. मॅनेजर त्यांच्याकडे वळला, आणि त्याची नजर मागच्या खोलीकडे गेली. तो काही बोलायच्या आत मी उभी राहिले.

"या," मी म्हटलं. "इथे बसा."