एकोणीस नंबरची विहीर

शोधपत्रिकेच्या संपादकांची मेल आली तेव्हा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत ब्युरेट धूत होते. निपाणी भागातल्या विहिरींच्या पाण्यात नायट्रेट किती, यावर वर्षभर काम करून मी लेख पाठवला होता. तो नाकारला होता. लेख परत येणं मला नवीन नाही, पण या वेळचं कारण वेगळं होतं. सात आणि एकोणीस नंबरच्या विहिरींचे आकडे दर महिन्याला जवळजवळ सारखे आहेत, एक रकाना किरकोळ फेरफार करून दुसऱ्यात उतरवलेला दिसतो, असं परीक्षकाचं मत होतं. सरळ मराठीत सांगायचं तर मी आकडे घरी बसून बनवले.

तळपायाची आग मस्तकात गेली. दर महिन्याला एक शनिवार-रविवार बर्फाचा डबा मांडीवर घेऊन मी निपाणीची बस धरत होते. कंडक्टर दर वेळी कन्नडात विचारायचा, मासे आहेत का म्हणून. वर्गात मी इतकी वर्षं एकच गोष्ट घोकून घेत आलेय: आकडा चुकला तर चुकलेला राहू द्या, शेजारी बरोबर लिहा, पण खोडू नका. आणि आता मीच खोटारडी ठरत होते.

हिंडलग्याला घरी येऊन लगेच संपादकांना उत्तर लिहायला बसले. शेजारीच थोरला भाऊ राहतो, वकील आहे. त्याला मसुदा वाचायला दिला.

"लई तापलीयास गं," अण्णा म्हणाला. "पण ह्यात मुद्दा कुठाय?"

"मी लबाड न्हाय, हाच मुद्दा."

"ते कोर्टात सगळेच म्हणतात. पुरावा दे. दोन्ही विहिरींचे फोटो काढून आण, मालक शेजारी उभा करून."

फोटोसाठी शनिवारपर्यंत थांबणं भाग होतं, आणि ते चार दिवस मला धड बसवेना. मसुद्यात 'अपमानास्पद' हा शब्द घालायचा, काढायचा, पुन्हा घालायचा. पोळ्या करपल्या. एका संध्याकाळी वही काढून ते दोन रकाने पहिल्यांदाच शेजारी-शेजारी उतरवून पाहिले. आकडे खरंच जुळे होते. घाईत मीच तर एकाचे दुसऱ्यात उतरवले नसतील ना, अशी शंका मला माझीच यायला लागली. परीक्षकावरचा राग तसाच होता, पण आता त्याच्या जोडीला भीती आली होती.

शनिवारी गेले. कोगनोळीच्या अलीकडचं गाव. सात नंबरचे आप्पा शेतात पाणी पाजत होते. आजवर मी पाईपच्या तोंडाशीच बाटली भरत आले होते, कारण पाणी वाहतं असलं की नमुना चांगला मिळतो. विहीर उसाच्या आत, तिकडे जायची कधी गरज पडली नव्हती. म्हटलं, आप्पा, आज विहीर दाखवा.

उसातून पाती चुकवत त्यांच्या मागून गेले. काठावर दोन मोटारी होत्या. एकीचा पाईप आम्ही आलो त्या बाजूला, दुसरीचा टेकाडावरून पलीकडे.

"ही दुसरी कुणाची?"

"धाकट्या भावाची. पलीकडचं रान त्याचं न्हवं का. शनवारी आमची पाळी, आयतवारी त्याची."

पलीकडचं रान म्हणजे माझी एकोणीस नंबरची विहीर. तिथे मी नेहमी रविवारी जायचे, कारण पाणी रविवारीच सुरू असायचं. ते का, हे मी कधी विचारलं नव्हतं.

"पण आप्पा, मी विचारलं होतं विहीर कुणाची. तुम्ही आमची म्हणालात."

"मग? आमचीच हाय की. आज्जानं खांदलीया."

भावाचीही आहे, ही त्यांच्या लेखी सांगायची गोष्टच नव्हती. धाकट्याची बायको चिकोडीकडची, तिने कन्नडात उत्तर दिलं होतं, "नम्दरी." या शब्दात 'आमच्या घरची' बसते आणि 'आम्हा सगळ्यांची'ही बसते. कन्नड मला चांगलं येतं, पण घाई त्याहून जास्त होती. वहीत मालकीच्या रकान्यात दोन्हीकडे 'स्वतःची' लिहून मी मोकळी झाले. आडनाव एकच होतं खरं, पण त्या गावात निम्म्या घरांचं तेच आहे.

परतीच्या बसमध्ये मला हसू येत होतं आणि लाजही वाटत होती. दोन बाटल्या, दोन लेबलं, आत पाणी एकच, हे ठाऊक नसताना मी वर्षभर तोच आकडा काढला होता. कुणी माझ्या मोजणीची परीक्षा घ्यायची म्हटली असती तर याहून कडक घेता आली नसती. पण 'प्रत्येक विहीर स्वतंत्र आहे' हे लेखातलं वाक्यही माझंच होतं, आणि ते खोटं होतं.

"तुला चोर म्हटलंय, ते खोडून काढ," अण्णा म्हणाला. "विहीर एक का दोन, हे कुणी इचारलंय?"

कुणीच विचारलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं, म्हणून तर हे झालं.

वहीतलं 'स्वतःची' मी खोडलं नाही. शेजारी लिहिलं, 'दोघांची'. मग तो लांबलचक मसुदा बाजूला ठेवला आणि संपादकांना चारच ओळी पाठवल्या. उत्तर अजून आलेलं नाही, दिवसातून दहादा मेल उघडून बघते. दर वेळी माझंच पाठवलेलं पत्र पुन्हा वाचते. त्याची पहिली ओळ अशी आहे: आकडे मी बनवलेले नाहीत, विहीर मात्र एक बनवली आहे.